अळीचं पान शोधत सातासमुद्रापार गेलेली मारिया

नेदरलँड्समधल्या ॲमस्टरडॅम शहरात भर वस्तीत एक जुनी वनस्पती बाग आहे, हॉर्टस बोटॅनिकस. १६३८ साली औषधी झाडांसाठी सुरू झालेली ही बाग १६८२ मध्ये आताच्या जागी, प्लांटाज भागात आली. आज तिथल्या काचघरांपैकी एक खास फुलपाखरांसाठी राखलेलं आहे. बाहेर बोचरी थंडी असली तरी आत आपल्याकडच्या श्रावणासारखा दमट उकाडा असतो. दार ढकलून आत गेलं की चष्म्यावर वाफ धरते. ती पुसेपर्यंत एखादं फुलपाखरू डोक्यावरून निघून गेलेलं असतं.

जगभरच्या अशा फुलपाखरू-घरांत बरेचदा एक छोटं कपाट ठेवलेलं असतं. त्यात ओळीने कोष टांगलेले असतात. कोस्टा रिकासारख्या उष्ण देशांत शेती करावी तशी फुलपाखरं वाढवतात, कोष खोक्यांत भरून विमानाने पाठवतात आणि ते या कपाटात उमलतात. लोकांची गर्दी तिथेच जास्त. कोष फाटतो, चुरगळलेले पंख बाहेर येतात, तासाभरात ताठ होतात. मुलं टाळ्या वाजवतात आणि सगळे पुढे जातात. पण या फुलपाखराने अळी असताना काय खाल्लं, हा प्रश्न तिथे फारसा कुणाच्या मनात येत नाही.

हाच प्रश्न साडेतीनशे वर्षांपूर्वी एका बाईने आयुष्यभर लावून धरला. उत्तरासाठी ती वयाच्या ५२ व्या वर्षी शिडाच्या जहाजात बसून दक्षिण अमेरिकेला गेली. तिचं नाव मारिया सिबिला मेरियन.

तुतीची पानं आणि तेरा वर्षांची मुलगी

मारियाचा जन्म २ एप्रिल १६४७ रोजी जर्मनीतल्या फ्रँकफुर्टचा. वडील मॅथॉस मेरियन मूळचे स्वित्झर्लंडमधल्या बासेलचे. तांब्याच्या पत्र्यावर चित्रं कोरून ती छापण्यात त्यांचं नाव युरोपभर होतं आणि त्यांची स्वतःची प्रकाशन संस्था होती. मारिया तीन वर्षांची असतानाच ते वारले. आई योहाना सिबिला हिने पुढच्याच वर्षी याकोब मारेल या चित्रकाराशी लग्न केलं. मारेलची खासियत फुलांची चित्रं. या सावत्र बापाने मुलीचा हात ओळखला आणि तिला रंग कालवण्यापासून सगळं शिकवलं. छापखाना वडिलांकडून आणि कुंचला सावत्र वडिलांकडून, असं दोन्हीकडचं तिच्या वाट्याला आलं.

त्या काळच्या फुलांच्या चित्रात एखादा किडा, एखादं फुलपाखरू शोभेसाठी काढायची रीत होती. मेलेलं फुलपाखरू समोर ठेवायचं आणि चित्रात कुठल्याही फुलावर बसवून द्यायचं. ते फूल त्या फुलपाखराचं आहे की नाही, याची कुणाला फिकीर नव्हती.

मारिया १३ वर्षांची असताना, १६६० च्या सुमारास, तिच्या हाती रेशमाचे किडे आले. तुतीचा पाला खाऊन ते कसे वाढतात, कात कशी टाकतात, कोष कसा विणतात आणि त्यातून पतंग कसा निघतो, हे तिने रोज पाहिलं आणि नोंदवून ठेवलं. मग तिच्या मनात आलं, की रेशमाच्या किड्याचं असं होतं, तर परसातल्या बाकीच्या अळ्यांचंही असंच होत असणार. ती दिसेल ती अळी घरी आणू लागली. पेटीत ठेवायची, ज्या झाडावर सापडली त्याचीच पानं घालायची आणि वाट बघायची.

आज हे शाळेच्या पुस्तकात असतं, म्हणून त्यात काही विशेष वाटत नाही. तेव्हा मात्र किडे चिखलातून, कुजक्या मांसातून, शेणातून आपोआप निपजतात असं भल्याभल्यांना वाटायचं. मांसावर कापड बांधलं तर त्यात अळ्या होत नाहीत, हे इटलीतल्या फ्रांचेस्को रेदी याने दाखवून दिलं १६६८ साली. म्हणजे मारियाच्या पेट्या सुरू झाल्यानंतर आठ वर्षांनी. किडा म्हणजे घाण, आणि घाणीत हात घालणारी बाई म्हणजे चेटकीण, असा संशय घेणाऱ्यांची त्या मुलखात तेव्हा कमी नव्हती.

गंमत म्हणजे त्या काळच्या जर्मन भाषेत फुलपाखराला उन्हाळी पाखरू अशा अर्थाचं नाव होतं. मराठीनेही त्याला पाखरूच म्हटलं. मात्र या पाखराला अंड्यापासून पंखांपर्यंत चार अवस्थांतून जावं लागतं आणि त्यातली खाण्याची मुख्य अवस्था अळीची.

बाईला तैलरंगाची मनाई

१६६५ साली मारेलच्याच एका शिष्याशी, योहान आंद्रेआस ग्राफ याच्याशी मारियाचं लग्न झालं. १६६८ मध्ये थोरली मुलगी योहाना हेलेना झाली. पुढे हे कुटुंब ग्राफच्या गावी, न्यूरेम्बर्गला राहायला गेलं. धाकटी डोरोथिया मारिया १६७८ ची.

न्यूरेम्बर्गमध्ये चित्रकारांच्या धंद्यावर कारागीर संघाचे कडक नियम होते. बाईने तैलरंगात चित्र काढून विकायचं नाही. मारियाने भांडण केलं नाही, पाण्याचे रंग घेतले. वासराच्या कमावलेल्या पातळ कातड्यावर ती चित्रं काढू लागली. कापडावर फुलं रंगवून विकायची, रंग विकायची, श्रीमंत घरच्या मुलींना चित्रकला आणि भरतकाम शिकवायची. या मुलींच्या ओळखीने तिला शहरातल्या धनिकांच्या बागा उघड्या झाल्या. बागा मिळाल्या म्हणजे अळ्या मिळाल्या.

१६७५ पासून तिचं फुलांचं पुस्तक भागाभागाने निघालं. ते भरतकामाचे नमुने म्हणून खपलं. खरं काम पुढचं. १६७९ साली तिने सुरवंटांवर पुस्तक काढलं, त्यात ५० चित्रं होती. १६८३ मध्ये दुसरा भाग आला, त्यातही ५०. तांब्याच्या पत्र्यावरचं कोरीवकामही बहुतेक तिचंच.

या पुस्तकाचं वेगळेपण समजायला आपल्या परसातलं उदाहरण पुरे. कढीपत्त्याच्या किंवा लिंबाच्या झाडावर पक्ष्याची विष्ठा पडल्यासारखा काळा-पांढरा ठिपका दिसतो. नीट पाहिलं तर ती अळी असते. काही दिवसांत ती हिरवीगार होते, मग फांदीला कोष लागतो आणि एके सकाळी त्यातून काळं-पिवळं लिंबाळी फुलपाखरू निघतं. आता हे सगळं, म्हणजे कढीपत्त्याची डहाळी, पानावरचं अंडं, लहान अळी, मोठी अळी, कोष आणि फुलपाखरू, एकाच पानावर एकाच चित्रात काढायचं. मारियाने नेमकं हेच केलं. तिच्या आधी किड्यांचा अभ्यास करणारे होते, चांगले चित्रकारही होते. पण किडा आणि त्याचं झाड ही जोडी अशी न तोडता पन्नास-पन्नास चित्रांत मांडणारं कुणी नव्हतं.

तिने सोयीचं तेवढंच काढलं असंही नाही. कधीकधी कोषातून फुलपाखराऐवजी बारीक माश्यांचा थवा बाहेर पडायचा. आज आपल्याला ठाऊक आहे, की काही गांधीलमाश्या अळीच्या अंगात अंडी घालतात आणि त्यांची पिल्लं अळीला आतून खाऊन टाकतात. मारियाला याचा उलगडा झाला नव्हता. तरी तिने ते लपवलं नाही, दिसलं तसं नोंदवलं, चित्रातही दाखवलं.

संसार मोडला

१६८१ मध्ये सावत्र वडील वारले. आईच्या मदतीला म्हणून मारिया मुलींना घेऊन फ्रँकफुर्टला परतली. नवऱ्याशी फार काळ जमलेलं नव्हतंच. १६८५ साली आई आणि दोन्ही मुलींसह ती नेदरलँड्सच्या फ्रीसलँड भागातल्या विऊवेर्ट गावी गेली. तिथल्या वाल्था वाड्यात लाबादी नावाच्या एका कडक धर्मपंथाची वस्ती होती. मारियाचा सावत्र भाऊ कास्पार तिथे आधीच गेला होता. पंथात खासगी मालमत्ता ठेवायला परवानगी नव्हती. ग्राफ बायको-मुलींना न्यायला आला, पण मारिया गेली नाही. काही वर्षांनी न्यूरेम्बर्गमध्ये घटस्फोट झाला आणि तिने माहेरचं नाव पुन्हा लावलं. सतराव्या शतकातल्या बाईसाठी ही साधी गोष्ट नव्हती.

वाल्था वाडा सोमेल्सडाइक घराण्याच्या बहिणींच्या मालकीचा. त्यांचा भाऊ दक्षिण अमेरिकेतल्या सुरीनाम या डच वसाहतीचा गव्हर्नर होता. सुरीनाम म्हणजे १६६७ च्या तहात इंग्रजांकडून डचांना मिळालेला मुलूख. त्याच तहाने न्यूयॉर्क इंग्रजांकडे राहिलं. पंथाचे काही लोक सुरीनामला वस्ती करायला गेले होते. तिथून आलेली मोठमोठी निळी फुलपाखरं मारियाने या वाड्यात पाहिली, अर्थातच मेलेली.

भाऊ गेला, १६९० मध्ये आई गेली. १६९१ साली मारियाने पंथ सोडला आणि मुलींना घेऊन ती ॲमस्टरडॅमला आली.

जिवंत झाडं, मेलेली फुलपाखरं

ॲमस्टरडॅम तेव्हा जगाची बाजारपेठ होतं. जावा, सिलोन, मलबार, ब्राझील, सगळीकडचा माल या बंदरात उतरायचा. मालाबरोबर बिया, रोपं, शिंपले, साप, किडे यायचे. श्रीमंतांच्या घरात अशा चिजांनी भरलेली कपाटं असायची. शहराचे महापौर निकोलास विटसेन, शरीरशास्त्रज्ञ फ्रेडरिक रुइश अशांचे संग्रह मारियाला पाहायला मिळाले. अग्नेस ब्लॉक नावाच्या धनवान बाईंची बाग तर प्रसिद्धच होती. युरोपात अननसाला फळ धरवणाऱ्या पहिल्या काही माणसांत त्यांचं नाव घेतात. मारियाने त्यांच्यासाठी चित्रंही काढली.

हॉर्टस बागेत शेगडीच्या उबेवर परदेशी झाडं जगवली जात होती. या बागेचा आपल्या मुलखाशी एक धागा आहे. ती नव्या जागी वसवण्यात यान कॉमेलिन यांचा मोठा वाटा होता. मलबारचा डच अधिकारी हेन्ड्रिक व्हान रीड याने कोचीनला राहून तिथल्या वनस्पतींवर जो बारा खंडी 'हॉर्टस मलाबारिकस' हा ग्रंथ तयार करवला, त्याच्या काही खंडांवर याच यान कॉमेलिन यांनी टिपा लिहिल्या. या ग्रंथासाठी झाडांची माहिती देणाऱ्यांत मल्याळी वैद्य इट्टी अच्युतन यांच्याबरोबर रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट हे तीन कोकणी वैद्य होते. त्यांचे पूर्वज गोव्यातून कोचीनला गेलेले. त्यांनी १६७५ साली दिलेलं प्रमाणपत्र ग्रंथाच्या पहिल्या खंडात कोकणी भाषेत, नागरी लिपीत छापलेलं आहे. यान यांचा पुतण्या कास्पार कॉमेलिन पुढे हॉर्टसचा वनस्पतीतज्ज्ञ झाला. त्याने १६९६ मध्ये या ग्रंथाची सूची काढली, आणि काही वर्षांनी मारियाच्या पुस्तकातल्या झाडांवरच्या टिपाही त्यानेच लिहिल्या.

तर ॲमस्टरडॅममध्ये सगळं होतं. काचेच्या छपराखाली परदेशातली जिवंत झाडं होती, काचेच्या झाकणाखाली परदेशातली मेलेली फुलपाखरं होती. मात्र कुठलं फुलपाखरू कुठल्या झाडाचं, त्याची अळी कशी, कोष कसा, हे सांगणारं शहरात कुणी नव्हतं. टाचणीला टोचलेल्या फुलपाखराकडे बघून ते कळणार कसं? त्यासाठी जिथे झाड आणि अळी दोन्ही जिवंत आहेत तिथे जाणं भाग होतं.

मारियाने २५५ चित्रं विक्रीला काढली, मृत्युपत्र करून ठेवलं आणि १६९९ च्या उन्हाळ्यात २१ वर्षांच्या डोरोथियाला घेऊन सुरीनामचं जहाज पकडलं. सोबत कुणी पुरुष नाही, कुठल्या राजाचा आश्रय नाही. नैसर्गिक इतिहासाच्या अभ्यासासाठी अलेक्झांडर फॉन हम्बोल्ट दक्षिण अमेरिकेला निघाला, त्याला अजून पूर्ण १०० वर्षं अवकाश होता.

सुरीनाम: ऊस, गुलाम आणि शंकासूर

पारामारिबो हे सुरीनामचं मुख्य गाव. नदीकाठाने उसाचे मळे. मळ्यांवर आफ्रिकेतून पकडून आणलेली माणसं गुलाम म्हणून राबत होती, तिथल्या मूळ रहिवाशांपैकीही काही गुलामीत होते. साखरेशिवाय दुसऱ्या कशात रस घेणाऱ्या माणसाला गोरे मळेवाले वेड्यात काढायचे, आणि ही तर अळ्या गोळा करणारी बाई. त्यांनी तिची चेष्टा केली. तिने उलट त्यांना नावं ठेवली, की एवढी सुपीक जमीन असून उसापलीकडे यांना काही लावायचं सुचत नाही.

काम सोपं नव्हतं. जंगल इतकं दाट, की कुऱ्हाडीने वाट तोडल्याशिवाय पाऊल पुढे पडत नसे. ती वाट तोडणारे गुलाम होते. उंच झाडावरची अळी उतरवून आणणारे, मुळासकट रोप खणून तिच्या बागेत लावणारे, या झाडाचं फळ खातात आणि त्या झाडाचं दूध विषारी असतं हे सांगणारे, सगळे आफ्रिकी आणि मूळ रहिवासी स्त्री-पुरुष. मारिया स्वतःही त्यांच्याकडून मालकिणीसारखीच काम करवून घेत होती. तिच्या पुस्तकात अनेक ठिकाणी या लोकांनी दिलेल्या माहितीचा उल्लेख येतो. त्यांची नावं मात्र येत नाहीत. कोचीनच्या वैद्यांची नावं युरोपातल्या ग्रंथात छापली गेली, सुरीनामच्या या जाणकारांच्या वाट्याला तेवढंही आलं नाही.

एका झाडाची हकिगत मात्र तिने लिहून ठेवली. ते झाड आपल्या ओळखीचं आहे, शंकासूर. गुलमोहराचा धाकटा भाऊ शोभावा असं, लाल-पिवळ्या फुलांचं, लांब पुंकेसरांचं. बेळगावच्या बंगल्यांच्या कुंपणाला आणि गोव्यातल्या अंगणांत ते सहज दिसतं. मारियाच्या पुस्तकातलं ४५ वं चित्र याच झाडाचं, त्यावर एक पतंग आणि त्याची हिरवी अळी. चित्राखालच्या मजकुरात तिने नोंदवलं, की गुलाम बायका या झाडाच्या बिया गर्भ पाडण्यासाठी खातात. आपल्याला सोसावं लागतं ते गुलामीतलं जिणं पोटच्या लेकराच्या वाट्याला नको, म्हणून. गिनी आणि अंगोलाहून आणलेल्या बायकांचे हाल इतके होते, की काहीजणी मरण जवळ करत. मेल्यावर आपल्या देशात, आपल्या माणसांत मोकळे जन्माला येऊ, अशी त्यांची श्रद्धा होती. हे त्या बायकांनीच आपल्याला सांगितलं, असंही मारियाने लिहिलं.

मारियाने गुलामगिरी बंद करा असं म्हटलं नाही. पण साखरेच्या हिशेबवह्यांत जे कधी आलं नसतं, ते एका पतंगाच्या चित्राखाली छापलं गेलं. झाड कुणाचं आणि ते कशासाठी वापरतात, हे विचारायची तिला सवय होती. तिने त्या बायकांनाही तेच विचारलं, आणि त्यांनी सांगितलेलं गाळलं नाही.

पाच वर्षं राहायचा बेत होता, असं मानतात. दोन वर्षांतच उष्णतेने आणि तापाने तिची तब्येत ढासळली. १६९१ साली ॲमस्टरडॅमला आल्यापासूनची पुंजी या प्रवासात संपत आली होती. जून १७०१ मध्ये ती परत निघाली आणि सप्टेंबरमध्ये ॲमस्टरडॅमला पोहोचली. बरोबर दारूत बुडवून ठेवलेले साप-सरडे, दाबून सुकवलेली फुलपाखरं, कोष, चित्रांच्या वह्या आणि एक मूळ रहिवासी स्त्री होती. त्या स्त्रीचं नावही कागदोपत्री उरलेलं नाही.

साठ चित्रांचं पुस्तक

१७०५ साली सुरीनामच्या किड्यांच्या रूपांतरावरचं तिचं पुस्तक ॲमस्टरडॅममध्ये प्रसिद्ध झालं. भलं मोठं, ६० चित्रांचं, लॅटिन आणि डच अशा दोन भाषांत. खर्च तिने स्वतः उभा केला, आधी वर्गणीदार जमवले. विद्वान मंडळी लॅटिन वाचायची, पण डचमध्ये काढल्यामुळे साध्या व्यापाऱ्याच्या बायकोलाही ते वाचता आलं.

या पुस्तकाची पानं गोव्याच्या किंवा सिंधुदुर्गाच्या माणसाने उलटली, तर त्याला आपल्याच परसात आल्यासारखं वाटेल. पहिल्याच पानावर अननस. पुढे काजू, पेरू, पपई, केळी, मिरची, डाळिंब. यातली काजू, पेरू, अननस, पपई आणि मिरची ही मूळ अमेरिकेची. पोर्तुगीज जहाजांनी ती आपल्याकडे आली आणि इतकी रुळली, की ती परदेशी आहेत हे आता सांगावं लागतं. डाळिंबाच्या चित्रात निळं मोर्फो फुलपाखरू आहे, आजच्या फुलपाखरू-घरांत ज्याच्यामागे सगळे कॅमेरे धावतात तेच. मारियाने त्याचा पंख भिंगाखाली धरला तेव्हा तिला निळे खवले छपरावरच्या कौलांसारखे एकावर एक रचलेले दिसले.

टवाळी आणि साक्ष

एका चित्रात पेरूच्या फांदीवर भलामोठा केसाळ कोळी एका चिमुकल्या पक्ष्याला खातो आहे. शेजारी मुंग्या पानं कातरून नेत आहेत, एकमेकींना धरून पूल करत आहेत. हे चित्र तिच्या मृत्यूनंतर फार गाजलं, तेही टवाळीसाठी. कोळी कधी पक्षी खातो का, असं म्हणत एकोणिसाव्या शतकातल्या काही पंडितांनी तिला खोटं ठरवलं. १८३४ साली लान्सडाउन गिल्डिंग नावाच्या एका पाद्र्याने तिच्या पुस्तकावर चुकांची लांबलचक यादीच काढली. त्याने सुरीनाममध्ये कधी पाऊलही ठेवलं नव्हतं. मग १८६३ मध्ये हेन्री वॉल्टर बेट्स या निसर्ग अभ्यासकाने ॲमेझॉनच्या जंगलातल्या आपल्या अनुभवांचं पुस्तक काढलं. त्यात कोळ्याने पक्षी मारल्याचं त्याने स्वतः पाहिलेलं दृश्य होतं. दीडशे वर्षांनी मारिया खरी ठरली.

चुका तिच्याही झाल्या. गुंजन पक्ष्याच्या घरट्यात तिने चार अंडी दाखवली, प्रत्यक्षात तो दोनच घालतो. एक लांब डोक्याचा किडा रात्री दिव्यासारखा उजळतो असं तिने लिहिलं, पण तो उजळत नाही. काही अळ्यांची जोडी चुकीच्या फुलपाखराशी लागली. तरीही प्राणी-वनस्पतींना शास्त्रीय नावं देणाऱ्या कार्ल लिनियसने अनेक किड्यांची ओळख तिच्या चित्रांवरून ठरवली. त्याने ते किडे जिवंत पाहिले नव्हते, तिने पाहिले होते.

लेकींनी पुढे नेलेलं काम

१७१५ मध्ये मारियाला पक्षाघाताचा झटका आला. १३ जानेवारी १७१७ रोजी ॲमस्टरडॅममध्ये ती वारली. त्याच सुमारास रशियाचा झार पीटर नेदरलँड्सच्या दौऱ्यावर होता. त्याच्या वैद्याने तिची बरीच चित्रं आणि नोंदवही खरेदी केली, ती आजही सेंट पीटर्सबर्गमध्ये जपून ठेवलेली आहे. इतर चित्रं लंडनला आणि विंडसरच्या राजसंग्रहात गेली.

दोन्ही मुली आईच्या हाताखाली तयार झाल्या होत्या. थोरली योहाना १७११ मध्ये नवऱ्याबरोबर सुरीनामला गेली. धाकट्या डोरोथियाने सुरवंटांच्या पुस्तकाचा तिसरा भाग आईच्या पश्चात प्रसिद्ध केला. मग चित्रकार नवरा गेओर्ग ग्सेल याच्याबरोबर ती रशियाला गेली आणि झारच्या संग्रहालयात काम करू लागली. डोरोथियाची मुलगी सालोमे पुढे थोर गणिती लिओनहार्ड ऑयलरची दुसरी बायको झाली. फ्रँकफुर्टच्या एका घरातली मुलगी, तिचं काम डचमध्ये छापलं गेलं, चित्रं रशियात आणि इंग्लंडमध्ये राहिली. जर्मनांनी तिला पुन्हा आपलं म्हटलं ते विसाव्या शतकाच्या शेवटी, ५०० मार्कांच्या नोटेवर तिचं चित्र छापून.

फुलपाखरं पाहायला आता सुरीनामला जायची गरज नाही. बंगळुरूजवळ बन्नेरघट्ट्याला २००६ पासून छताखालचं फुलपाखरू उद्यान आहे. गोव्यात फोंड्याजवळ प्रियोळला आहे. पावसाळ्यात आणि त्यानंतरच्या महिन्यांत शाळांच्या सहली तिथे जातात. मुलांना घेऊन गेलात, तर उडणाऱ्या फुलपाखरामागे धावायच्या आधी त्यांना एखादं कुरतडलेलं पान शोधायला सांगा. पान उलटं करून बघायला सांगा. खाली अंडं, अळी किंवा नुसती तिची विष्ठा सापडेल. ते झाड कोणतं, हे तिथल्या माळ्याला विचारा. आणि माळ्याने सांगितलं, की घरी येऊन वहीत झाडाच्या नावाशेजारी त्याचंही नाव लिहून ठेवा.